संघ बुडाला, मालक शाबूत

तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझं उत्तर कशाला धरून आहे ते कळेल. तुमचा थोरला भाऊ भारताकडून खेळलेला हॉकीपटू. एका फ्रँचायझीसाठी तो दोन हंगाम खेळला, दुसऱ्यात गुडघा दुखावला, आणि शेवटचे दोन हप्ते आलेच नाहीत. त्याला आता दोन वर्षं उलटून गेली. तो संघ बंद पडला. पण त्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीने मुंबईत एक हॉकी अकादमी काढली आहे, तिच्या फलकावर भावाचा फोटो झळकतोय आणि उद्घाटनाला सत्कारासाठी या असं बोलावणंही आलंय. भाऊ म्हणतो, मरेपर्यंत यांच्या दारात पाऊल टाकणार नाही. वर दाखला देतो टोरोंटोच्या डेव्ह कीऑनचा. हा हट्ट बरोबर आहे का आणि आता करायचं काय, हे तुम्हाला हवंय.

मी फोर्टमध्ये वकिली करतो. खेळाडूंचे करार आणि त्यांची थकबाकी हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर वकिली वळणाचं होणार, त्याला इलाज नाही.

कीऑनपासूनच सुरुवात करू. भावाने उदाहरण चांगलं निवडलंय, पण अर्धंच घेतलंय. हा बर्फावरच्या हॉकीतला माणूस. टोरोंटो मेपल लीफ्सने 1962, 1963, 1964 आणि 1967 असे चार स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगची विजेतेपदं, जिंकले, चारही वेळा तो संघात होता. 1967 च्या प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू तोच, पुढे कर्णधारही तोच. खेळ इतका स्वच्छ की सभ्य खेळासाठीचा लेडी बिंग करंडक त्याला दोनदा मिळाला. 1975 मध्ये करार संपला तेव्हा मालक हॅरॉल्ड बॅलार्डने त्याला आता संघात जागा नाही म्हणून सांगितलं. इथवर ठीक, तो मालकाचा अधिकार. पण तेव्हाच्या नियमांप्रमाणे एनएचएलमधल्या दुसऱ्या संघाने त्याला घेतलं तर टोरोंटोला भरपाई द्यावी लागे, आणि बॅलार्डने ती एवढी मागितली की कोणी पुढे येईना. स्वतःही ठेवायचं नाही आणि दुसरीकडे जाऊही द्यायचं नाही! कीऑन मग प्रतिस्पर्धी लीगमध्ये मिनेसोटा फायटिंग सेंट्सकडे गेला, तर तो संघ हंगाम पुरा व्हायच्या आतच आटोपला. एनएचएलमध्ये परतायला त्याला 1979 उजाडलं, तेही दोन लीग एकत्र आल्या म्हणून.

बॅलार्ड 1990 मध्ये वारला. (साधा असामी नव्हता, 1972 मध्ये फसवणूक आणि चोरीच्या गुन्ह्यांत दोषी ठरून तुरुंगातही जाऊन आला होता.) मालक गेला तरी कीऑनचा राग गेला नाही, तो संस्थेवर राहिला. 1967 च्या विजयाला चाळीस वर्षं झाली त्या निमित्ताने 2007 मध्ये तो टोरोंटोत आला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, तरी गाठ पुरती सुटली नाही. लीफ्स जुन्या खेळाडूंच्या क्रमांकांचा नुसता सन्मान करायचे, पण ते क्रमांक पुढच्या पोरांना वापरायला द्यायचे. हे त्याला पटत नव्हतं. शेवटी 2016 मध्ये क्लबने धोरण बदललं, त्याचा 14 क्रमांक कायमचा निवृत्त केला आणि स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला.

1975 ते 2016. एक्केचाळीस वर्षं रुसून बसता आलं, कारण समजूत काढायला समोर कोणीतरी शिल्लक होतं. तिकडे मालक मरतो, विकून जातो, क्लब राहतो. आपल्याकडे नेमकं उलटं. मुंबईच्याच नावाने खेळलेले संघ आठवा. 2005 ते 2008 च्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स. 2012 च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत मुंबई मरीन्स. ती लीग एका हंगामात संपली आणि खेळाडूंचे पैसे थकल्याच्या बातम्याच मागे उरल्या. 2013 ला हॉकी इंडिया लीग आली, मुंबई मॅजिशियन्स दोन हंगाम खेळले. 2015 पासून दबंग मुंबई; 2017 ला अंतिम सामन्यापर्यंत गेले, कलिंगा लान्सर्सकडून हरले, आणि पुढे लीगच थांबली. डिसेंबर 2024 मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत मुंबईचा एकही नव्हता. चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर मॅजिशियन्सचा टी-शर्ट घालून बसलेली पोरं आता नोकऱ्यांना लागली असतील. यातल्या कुठल्या संघाकडे, चाळीस वर्षांनी, कोणी आपला पुतळा मागायचा?

म्हणून तुमच्या भावाचा रुसवा मला चुकीचा वाटत नाही, पण बिनकामाचा वाटतो. ज्या संघावर तो रुसलाय तो संघ नाहीच. आहेत ती माणसं, आणि त्यांची नवी कंपनी. रुसल्याने त्यांचं काही बिघडत नाही. उलट दिवस जातात, आणि दिवस जाणं हीच त्यांची सोय आहे.

आता मुद्द्याचं. अशा प्रत्येक भांडणात तीन तक्रारी एकात एक गुंतलेल्या असतात: पैसे, हक्क आणि मान. खेळाडू बोलतो मानाबद्दल, वकील बोलतो पैशाबद्दल, आणि हक्कांकडे, म्हणजे फोटो, नाव, पुढे कुठे खेळायचं याकडे, कोणाचंच लक्ष नसतं. या तीन गोष्टी वेगळ्या कागदांवर वेगळ्या ठेवा. एकाच पत्रात 'आमचे अमुक लाख द्या आणि तुम्ही आम्हाला विमानतळावर गाडी पाठवली नव्हती' असं लिहिलेलं मी पाहिलंय. समोरच्या वकिलाने गाडीवर दोन पानं उत्तर दिलं आणि लाखांवर एक ओळ.

पैशांचं आधी, कारण तिथे घड्याळ चालू आहे. कराराच्या पैशासाठी दावा करायची मुदत तीन वर्षांची, आणि प्रत्येक हप्त्याची मुदत त्या हप्त्याच्या देय तारखेपासून वेगळी मोजली जाते. तुमची दोन वर्षं गेली. राहिलेलं एक वर्ष लांबलचक वाटतं, पण नसतं. मुदत संपायच्या आत समोरच्याने सहीनिशी 'एवढं देणं आहे' असं लिहून दिलं तर तिथून नवी तीन वर्षं मिळतात. ईमेलही चालतो, मात्र तो कंपनीच्या वतीने बोलायचा अधिकार असलेल्या माणसाचा हवा. टीम मॅनेजरचं 'दादा, होऊन जाईल, टेन्शन नको' याला फारशी किंमत नाही. तरीही ते व्हॉट्सॲप पुसू नका. सगळं संभाषण एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा आणि जुना फोन विकू नका. पुढे पुरावा म्हणून दाखल करताना ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि तेव्हा फोन हाताशी असलेला बरा.

आणखी एक जागा बघा, जी खेळाडू कधीच बघत नाहीत. आयकराचा 26एएस, म्हणजे तुमच्या नावे कापून भरलेल्या कराचा तक्ता. कंपनी हिशेबात खेळाडूच्या नावे रक्कम जमा दाखवते तेव्हाच तिला टीडीएस, म्हणजे देण्यातून आधीच कापायचा आयकर, कापावा लागतो, प्रत्यक्ष पैसे दिले नसले तरी. कित्येकदा मिळालेल्या हप्त्यांपेक्षा 26एएसमधला आकडा मोठा निघतो. म्हणजे तुम्हाला न दिलेल्या रकमेवर त्यांनी कर भरून टाकलाय! नुसत्या टीडीएसवर कोर्ट देणं कबूल धरेलच असं नाही, पण 'आम्ही काहीच देणं लागत नाही' म्हणणाऱ्याचा चेहरा हा कागद पाहून बदलतो. याची दुसरी बाजूही आहे. भावाची जीएसटी नोंदणी असेल आणि त्याने बिलं दिली असतील, तर पैसे न येताही जीएसटी भरायची जबाबदारी त्याच्यावर येते. ती भरली की नाही ते सीएला विचारा. समोरचा वकील पहिल्यांदा तिथेच बोट ठेवेल.

कराराच्या शेवटी, छोट्या अक्षरात, लवादाचं कलम असणार. ते असलं की सरळ कोर्टात जाता येत नाही. इथे एक बारकावा आहे. वकिलाने पाठवलेल्या साध्या 'पैसे द्या' नोटिशीने मुदत थांबत नाही. 'हा वाद लवादाकडे न्यावा' अशी स्पष्ट मागणी करणारी नोटीस समोरच्याला पोचते, त्या दिवशी लवादाची कारवाई सुरू झाली असं कायदा धरतो. लोक वर्षभर नोटिशी-प्रत्युत्तरं खेळत बसतात आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. आणि कलमात 'लवाद फ्रँचायझी नेमेल' असं असेल तर घाबरू नका. निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच स्पष्ट केलंय. मग उच्च न्यायालयाकडून नेमून घेता येतो.

हे सगळं कोणाविरुद्ध, हा पुढचा प्रश्न. टीव्हीवर दिसतो तो मालक आणि करारावर सही करणारी कंपनी एक नसतात. बहुतेक फ्रँचायझींसाठी वेगळी खाजगी कंपनी काढलेली असते, भागभांडवल नाममात्र, कचेरी मालकांच्या मुख्य कंपनीच्या कचेरीतलंच एखादं टेबल. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचं नाव टाकून आजच पाहा की ती चालू आहे की नोंदणीतून काढलेली. काढलेली असेल तर धनको म्हणून एनसीएलटीकडून, म्हणजे कंपन्यांसाठीच्या न्यायाधिकरणाकडून, ती पुन्हा नोंदीवर आणता येते, पण वेळ जातो. आणि करारात मुख्य कंपनीने किंवा मालकाने वैयक्तिक हमी दिली आहे का, ते शोधा. बँक गॅरंटी लीगकडे ठेवलेली असेल तर लीगलाही पत्र जाऊ द्या. काही जण दिवाळखोरी कायद्याची धमकी द्यायला सांगतील. त्यासाठी थकबाकी किमान 1 कोटी लागते. हॉकी इंडिया लीगच्या 2024 च्या लिलावात सगळ्यात महाग गेलेला हरमनप्रीत सिंग 78 लाखांना गेला, यावरून ओळखा की हॉकीपटूला ते दार बंदच आहे.

दुखापतीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मला वाटतं तुमच्या प्रकरणात भांडणाचं मूळ तिथे असावं. मालक म्हणणार, तो अर्धे सामने खेळलाच नाही, मग पूर्ण मानधन कशाचं? बहुतेक करारांत न खेळलेल्या सामन्यांच्या प्रमाणात कपात लिहिलेली असते, आणि त्याला अपवाद असतो संघासाठी खेळताना किंवा संघाच्या सरावात झालेल्या दुखापतीचा. म्हणजे सगळं येऊन ठरतं ते एकाच गोष्टीवर: गुडघा कधी आणि कुठे दुखावला. आपली मुलं इथे हमखास फसतात. सरावात मुरगळलेल्या गुडघ्यावर पट्टी बांधून दोन सामने ओढतात, फिजिओला तोंडी सांगतात, आणि मग मुंबईला आल्यावर घराजवळच्या डॉक्टरकडे एमआरआय करतात. कागदावर मग दुखापत हंगामानंतरची दिसते. भावाला विचारा, फिजिओच्या वहीत नोंद आहे का? टीमच्या ग्रुपवर 'आज आराम' असा एखादा मेसेज? सरावाचा व्हिडिओ? विम्याचा अर्ज संघाने भरला होता का? विमा कंपनीकडे संघानेच 'खेळताना दुखापत' असं लिहून दावा केला असेल, तर तुमच्याशी उलटं बोलायला त्यांना जागा उरत नाही.

फोटोचं प्रकरण यापेक्षा सोपं आहे, आणि म्हणूनच तुमच्या हातात आहे. खेळाडूचं नाव आणि छबी वापरायची परवानगी करारात त्या फ्रँचायझी कंपनीला असते, करार चालू असेपर्यंत किंवा पुढे ठरावीक काळ. अकादमीची कंपनी वेगळी. तिला ही परवानगी दिली कोणी? कलाकारांची छबी, नाव, आवाज परवानगीवाचून वापरण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने अलीकडे, अरिजित सिंगच्या 2024 च्या प्रकरणात, ठाम भूमिका घेतली आहे. भारताकडून खेळलेल्या खेळाडूचा फोटो फी घेणाऱ्या अकादमीच्या फलकावर असेल तर वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. मात्र आधी फलकाचे फोटो तारखेसह काढा, माहितीपत्रक मिळवा, मगच पत्र पाठवा. पत्र मिळालं की फलक त्याच रात्री उतरतो.

करारात 'पुढील इतकी वर्षं अन्य संघाशी किंवा अकादमीशी जोडून घेण्याआधी आमची परवानगी' असलं काही असेल आणि भाऊ त्याच भीतीने कोचिंगची कामं नाकारत असेल, तर ती भीती काढून टाका. असाच प्रश्न आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा होता. त्याचं काम पाहणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की तीन वर्षांचा करार संपल्यावरही नवा प्रस्ताव आधी आम्हाला दाखव. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. करार संपल्यानंतर असं बांधून ठेवणं कंत्राट कायद्याच्या कलम 27 मध्ये बसत नाही. बॅलार्डने कीऑनला जसं अडकवलं, तसं इथे अडकवता येत नाही, एवढं तरी आपल्या 1872 च्या कायद्याचं श्रेय.

मधल्या माणसाबद्दल. तुमच्या पत्रात 'आमच्या एजंटने सांगितलं, मालक फोनच घेत नाहीत' असं एक वाक्य आहे. हे स्वतः पडताळून पाहा. बोस्टन ब्रुइन्सचा बॉबी ऑर, अनेकांच्या मते बर्फावरचा आजवरचा सर्वश्रेष्ठ बचावपटू, 1976 मध्ये क्लब सोडून शिकागोला गेला. मालकांना आपण नको झालोय, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात बोस्टनने त्याला संघाच्या मालकीत 18.5 टक्के वाटा देऊ केला होता आणि त्याचा एजंट ॲलन ईगलसनने ते त्याला सांगितलंच नव्हतं. हाच ईगलसन खेळाडूंच्या संघटनेचाही प्रमुख होता, आणि 1998 मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यांत दोषी ठरला. तुमचा एजंट तसा आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचं कमिशन थकलंय का, मालकांच्या नव्या अकादमीत त्याची दुसरी मुलं लावलेली आहेत का, हे विचारायला हरकत नाही. भावाने स्वतः एक साधा, दोन ओळींचा ईमेल मालकांना पाठवावा: भेटायचं आहे, कधी येऊ?

पिट्सबर्गच्या मारिओ लेम्यूने, तोही बर्फावरच्या हॉकीतलाच खेळाडू, आपली थकबाकी भागभांडवलात बदलून 1999 मध्ये दिवाळखोर क्लबच विकत घेतला होता, असंही उदाहरण कोणीतरी तुम्हाला देईल. त्याची थकबाकी 3 कोटी डॉलरहून अधिक होती, आणि घ्यायला क्लब होता. पुढे जाऊ.

सत्काराला जावं का? माझं मत, आत्ता नको. शाल-श्रीफळ घेताना फोटो निघतो, आणि तो फोटो पुढे लवादासमोर 'आमचे संबंध उत्तम आहेत, वाद आत्ता उकरून काढलाय' म्हणून जोडला जातो. हे कल्पनेतलं सांगत नाही. जायचंच असेल, म्हणजे तिथे जुने सोबती येणार असतील, गुरुजी येणार असतील, तर आदल्या दिवशी ईमेल टाका की माझ्या उपस्थितीचा थकबाकीशी आणि फोटोच्या हरकतीशी संबंध नाही. न जायचं ठरवलं तरी दोन सभ्य ओळी कळवा. आमंत्रणाला उत्तर न देणं हे आपल्याकडे उद्धटपणात जमा होतं, आणि उद्धट हा शिक्का बसलेल्या खेळाडूकडे तडजोडीला कोणी येत नाही.

इन्स्टाग्रामवर सगळं मांडायचा विचारही भावाच्या मनात आहे असं लिहिलंय. खरं बोलायला बंदी नाही, पण थकबाकीची रक्कम आणि तारखा सोडून जे काही तो लिहील, 'चोर', 'लबाड' वगैरे, त्यावर बदनामीचा खटला येऊ शकतो आणि मग पैशाचं भांडण बाजूला राहतं. शिवाय आपल्या हॉकीत तोंड उघडल्याची किंमत लावली जाते, हेही डोळे उघडे ठेवून बघायला हवं. खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने डिसेंबर 1998 मध्ये बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकलं, 1966 नंतर पहिल्यांदा. त्यानंतर लगेच धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर. कारण विश्रांतीचं सांगितलं गेलं. पैशांविषयी आणि व्यवस्थेविषयी बोलल्याची ती शिक्षा होती, असंच सगळीकडे मानलं गेलं. धनराज परत आला, कारण तो धनराज होता. तुमच्या भावाला कोचिंगमध्ये जायचंय, आणि कोचिंगच्या नेमणुका याच वर्तुळातली माणसं करतात. म्हणून मी बोलू नका म्हणणार नाही; आधी नोटीस, मग लवाद, आणि मग, गरज पडली तर, पत्रकाराला कागद दाखवून. त्या क्रमाने.

त्याच्या नोकरीचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या तेल कंपनीत असेल तर लीग खेळायला आणि मानधन घ्यायला खात्याची लेखी परवानगी घेतली होती का ते आधी पाहा. नसेल, तर तुम्ही दावा ठोकल्यावर कोणीतरी ती गोष्ट खात्याच्या कानावर घालेल.

तडजोड होईल, बहुधा होते. मालकांना नवी अकादमी चालवायची आहे. भारताकडून खेळलेल्या खेळाडूचा लवाद त्यांना परवडत नाही. रक्कम थोडी सोडावी लागेल. ती किती, हे दुखापतीचे कागद पाहून ठरवू, पण सहीच्या दिवशी मोठा भाग बँकेत आलेला असला पाहिजे आणि उरलेल्याचे पुढच्या तारखांचे धनादेश हातात. धनादेश न वटल्याचं बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची असते, नोटीस मिळाल्यावर त्यांना 15 दिवस, आणि मग महिन्याभरात तक्रार. या तारखा फ्रिजवर चिकटवून ठेवा. 'दोन्ही बाजू एकमेकांबद्दल वाईट बोलणार नाहीत' असं कलम ते घालतील, घालू द्या, फक्त ते दोघांनाही लागू असू दे. मानाच्या गोष्टी तिथे सवलतीच्या बदल्यात मागू नका. 'दोन लाख कमी करतो, पण भिंतीवर नाव लावा' असं लिहिलं की ते नाव दोन लाखांचं होतं. त्यांना लावावंसं वाटलं तर नंतर लावतील.

सध्या एवढं पाठवा: सगळ्या पानांचा करार, पुरवणी करार असतील तर तेही, शेवटच्या दोन हप्त्यांच्या देय तारखा, दोन्ही आर्थिक वर्षांचा 26एएस, एमआरआयचा अहवाल आणि फलकाचे फोटो. पहिल्या थकलेल्या हप्त्याची तारीख आधी फोनवर सांगा. तिला तीन वर्षं व्हायला तीन महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर बाकीचे कागद यायची वाट न पाहता लवादाची नोटीस याच आठवड्यात काढू.